मागं जाऊन पुढं येणारी दुर्बीण

दिवाळीपासून शिमग्यापर्यंत आमच्या डोक्यावर छप्पर नसायचं. घर होतं, पेठ तालुक्यातल्या डोंगरात, कुडाचं. पण भात कापून झाला की तिथं करायला काही नसायचं, आणि तो भात वर्षभर पुरेल असं कधी झालं नाही. मग आईबाप आम्हाला घेऊन खाली उतरायचे, द्राक्षांच्या बागांत. दिंडोरीकडं, पिंपळगावकडं, मुकादम नेईल तिकडं. बागेच्या बांधावर चार काठ्या रोवायच्या, वर खताच्या गोण्या उसवून, जोडून टाकायच्या, की झालं घर. गोण्या कमी पडल्या की पाय बाहेर. द्राक्षांचे घड कागदात गुंडाळून खोक्यात झोपायचे आणि आम्ही वाऱ्यात.

पुढं मी दुर्बीण केली हे कळलं की लोक हमखास विचारतात, "लहानपणी आभाळाखाली झोपायचात, तेव्हाच ताऱ्यांची ओढ लागली असेल ना?" विचारणाऱ्याच्या डोळ्यांत अगदी पाणी यायचं बाकी असतं. त्यांना मी सांगतो, जानेवारीत निफाडकडं एक रात्र उघड्यावर काढून बघा. ओढ लागते ती गोधडीची. तारे दिसत होते, कारण मध्ये छप्पर नव्हतं. बस, एवढंच.

मी आश्रमशाळेत शिकलो, मग नाशिकला वसतिगृहात राहिलो, आणि नव्वदच्या दशकाच्या सुरुवातीला भौतिकशास्त्रात बीएस्सी झालो. आमच्या घरातच नाही, आमच्या पाड्यात पहिला. हे मी कधी खालच्या आवाजात सांगितलेलं नाही आणि आताही सांगणार नाही. ज्यांच्या घरात तीन पिढ्या पदव्या भिंतीवर टांगलेल्या असतात, त्यांना साधेपणा परवडतो.

पदवी मिळाली, मास्तरकी मिळाली नाही. अंबडच्या औद्योगिक वसाहतीत एका लहान वर्कशॉपमध्ये लेथवर उभा राहिलो. तिथले उस्ताद सातवी नापास होते आणि हे ते मला रोज एकदा तरी ऐकवायचे.

"ए बीएस्सी, हँडल आहे ते. देवळातली घंटा नाही. हळू."

त्यांनी शिकवलेली एक गोष्ट मात्र सगळ्या पदवीपेक्षा जास्त कामाला आली. लेथचं हँडल फिरवताना समजा त्याच्यावरचा आकडा थोडा पुढं गेला. नवशिका काय करतो? तेवढंच मागं फिरवतो. आकडा बरोबर दिसतो आणि जॉब, म्हणजे कापायला लावलेला तुकडा, बिघडतो. कारण स्क्रू आणि नट यांच्यात बारीक ढिलेपणा असतो, आमच्याकडं त्याला 'प्ले' म्हणतात. उलटं फिरवलं की आधी तो ढिलेपणा संपतो, मग हत्यार हलतं. आकडा खोटं बोलतो. उस्ताद म्हणायचे, "पुढं गेलास ना? मग पूर्ण फेरा मागं जा आणि परत पुढं ये. नेहमी एकाच बाजूनं. शरम कसली त्यात?"

सव्वा वर्ष मी हे हजार वेळा केलं. मग मोठ्या कारखान्यात मेंटेनन्सला लागलो, तीन पाळ्यांत. पाथर्डी फाट्याच्या अलीकडं दोन खोल्या आणि मागं अंगण असलेलं घर घेतलं आणि आईला खाली आणलं. वडील तोवर राहिले नव्हते.

आता मंडळाबद्दल. शहरात हौशी आकाशनिरीक्षकांचं एक मंडळ होतं. महिन्यातून एकदा एका शाळेच्या हॉलमध्ये बैठक. पेपरात वाचलं, गेलो. अध्यक्ष दातांचे डॉक्टर होते, कॉलेज रोडला दवाखाना. परदेशातून आणलेली दुर्बीण त्यांच्याकडं होती, तिच्यावर मखमलीचं कापड. पहिल्याच दिवशी त्यांनी विचारलं, "आपण कुठे असता?" मी कारखान्याचं सांगितलं. "वा! म्हणजे हाताला सवय असेल."

त्या 'सवय असेल'नं माझी तिथली जागा ठरवून टाकली. काच घासून दुर्बिणीचा आरसा करायचं शिबिर झालं, तेव्हा आरसे मी घासले, माझा एक आणि इतरांचे चार. कुणाचा स्टँड अडकला, कुणाचा स्क्रू झिजला, की पिशवीत घालून माझ्याकडं. "तुमच्या फॅक्टरीत बघा हो जरा." सहलीला गेलो की सामान मी उतरवायचं आणि दुर्बिणीला डोळा शेवटी लावायचा. तोवर ढग यायचे.

हॉलच्या भिंतीला एक लाकडी फळा होता. अडीचशे वर्षांपूर्वी एका फ्रेंच माणसानं आभाळातल्या धूसर ठिपक्यांची यादी केली, ताऱ्यांचे पुंजके, वायूचे ढग, दूरच्या दीर्घिका, असे एकशे दहा. जो सभासद ते एकशे दहा पुरे करील त्याचं नाव त्या फळ्यावर रंगवायचं, असा मंडळाचा ठराव होता. फळा कोराच होता. डॉक्टर कित्येक वर्षं साठ-सत्तरच्या दरम्यान अडकून पडले होते. मी फळ्याकडं बघितलं आणि ठरवलं, इथं पहिलं नाव माझं.

सुरुवातीला हातानं शोधत होतो, सगळे शोधतात तसं. नकाशा, लाल कागद लावलेली बॅटरी, मान वाकडी. एक ठिपका सापडायला कधी तास लागायचा. डॉक्टरांचा दवाखाना सकाळी साडेदहाला उघडायचा. माझी पहिली पाळी सातला, घरून सहाला निघायचं. दोनदा मशीनसमोर डुलकी लागली. दुसऱ्यांदा सुपरवायझरनं सगळ्यांसमोर काढलं, "रात्री काय दरोडे घालतो काय रे?" तेव्हा लक्षात आलं की आभाळ बघायलासुद्धा रिकामा वेळ वारशानं मिळावा लागतो. माझ्याकडं तो नव्हता. मग ठरवलं, मी झोपणार आणि दुर्बीण जागणार.

तोपर्यंत दोन हजार साल उलटलं होतं. भंगारात गेलेल्या दोन प्रिंटरांच्या मोटरी मी रीतसर गेटपास करून घरी आणल्या. अशी मोटर एका इशाऱ्याला एकच बारीक पाऊल टाकते. किती पावलं टाकली ते मोजलं की दुर्बीण कुठं बघते ते कळतं. मोठा गिअर उस्तादांच्या वर्कशॉपमध्ये सुट्टीच्या दिवशी कापला. ऑफिसनं टाकून दिलेला जुना कॉम्प्युटर मिळाला. फोटोसाठी वेबकॅम. तो उघडून त्याच्या चिपचा एक पाय कापला आणि तिथं माझी वायर डकवली, म्हणजे एकेक फोटोला अर्धा मिनिट प्रकाश घेता यायचा. असे वीस-तीस फोटो एकावर एक चढवले की अंधारातून काहीतरी वर येतं. प्रोग्राम मी लिहिला, पुस्तक मांडीवर ठेवून, पाळीच्या आधी आणि पाळीच्या नंतर.

सगळ्यात अवघड होती नेमकी जागा. वेबकॅमला दिसतो आभाळाचा नखाएवढा तुकडा. दुर्बीण एवढीशी चुकली तरी फोटोत नुसता काळोख. महिनाभर काळोखच काढला. आकडे बरोबर, फोटो काळे. आणि एक दिवस कारखान्यात चहा पिताना मला उस्तादांचं हँडल आठवलं. गिअरमध्ये प्ले होता! दुर्बीण पश्चिमेकडं सरकून थांबली तर बरोबर, पूर्वेकडं सरकली तर चूक. घरी येऊन प्रोग्राममध्ये सहा ओळी घातल्या. पूर्वेकडं जायचं असेल तर ठिकाण ओलांडून पुढं जा, मग परत ये आणि पश्चिमेकडं सरकतच थांब. वर-खाली करतानाही तसंच. नेहमी एकाच बाजूनं.

त्या रात्री यादी लावून झोपलो. सकाळी बघितलं, लावलेल्या सातपैकी सातही चौकटीत. त्यातला एक धुराच्या वळ्यासारखा, मध्ये भोक. आईला दाखवला.

"हे काय, मेदुवडा?"

"तारा आहे आई. मरताना त्यानं अंगावरचं सगळं फेकलं, ते असं गोल पसरलंय."

"मेलाच ना शेवटी? मग तू त्याच्यासाठी एवढं कशाला मरतो?"

एक भानगड मात्र उरली. पहाटे पाचनंतरचे सगळे फोटो हललेले यायचे, प्रत्येक तारा जुळा. आधीचे स्वच्छ. पंधरा दिवस मी गिअरला, मोटरला, वाऱ्याला शिव्या घातल्या. कारण निघालं मीच केलेलं. मेंटेनन्सवाल्याच्या डोक्यात एकच, मशीनचा पाया भक्कम हवा. अंगणात भक्कम काय होतं, तर आईच्या धुण्याच्या दगडाखालचा काँक्रीटचा ओटा. त्याच ओट्यातून मी दुर्बिणीचा खांब उभा केला होता. आणि आमच्या नळाला पाणी यायचं पाचला. आई पाच वाजता गोधड्या आपटायची आणि कोट्यवधी प्रकाशवर्षांवरच्या दीर्घिका हादरायच्या.

"आई, वीस-पंचवीस मिनिटं थांबून धूत जा ना."

"नळ थांबतो का? तुझ्या ताऱ्यांना सांग थांबायला. त्यांना कुठं कामाला जायचं हाय?"

बरोबर होतं तिचं. मी पुढच्या रविवारी छिन्नी घेऊन ओटा मधोमध तोडला आणि खांब वेगळा केला.

चाळीस फोटो झाल्यावर त्यातले बरे बारा मोठे छापून बैठकीला नेले. टेबलावर मांडले. लोक जमले, एक-दोघं "अरे वा" म्हणाले. डॉक्टरांनी चष्मा वर केला, एकेक फोटो उचलून लांब धरला, जवळ धरला. मग अगदी गोड आवाजात म्हणाले, "कुठल्या वेबसाइटवरून घेतलेत?"

मी म्हटलं, "माझ्या अंगणातून."

"अंगणातून." त्यांनी बाकीच्यांकडं बघितलं. "अहो, माझी दुर्बीण अमेरिकेची, तिला स्वतःचा कॉम्प्युटर आहे, तरी मला असं येत नाही. तुम्हाला कुणी तरी सीडी दिलेली दिसते. हरकत नाही, पण खाली नाव लिहावं. शास्त्रात प्रामाणिकपणा लागतो."

ज्यांचे आरसे मी घासले होते ते चौघंही तिथंच होते. त्यातला एक खिडकीबाहेर बघत होता, बाहेर काय होतं कोण जाणे. चोर म्हणवून घ्यायला मी नवा नव्हतो. बागेत घड मोजताना एखादा कमी भरला की आधी आमच्या गोण्या झटकून बघायचे. पण तिथं मी पोरगा होतो.

"डॉक्टर," मी म्हटलं, "येत्या शनिवारी अमावस्येच्या पुढं-मागं आभाळ काळं आहे. घरी या. दहा वस्तू तुम्ही निवडा, कागदावर आणा, मला आधी सांगू नका. माझ्या मशीनला त्या सापडल्या नाहीत तर हे फोटो मी तुमच्यासमोर फाडीन. सापडल्या तर ह्याच हॉलमध्ये, ह्याच लोकांसमोर, शब्द मागं घ्यायचा."

नाही म्हणायला जागाच नव्हती. आले. पाच जण, दोन गाड्यांत. आईनं चहा टाकला होता. पाचही जण म्हणाले, "नको नको, आत्ताच घेऊन आलो." आई कपबश्या परत आत नेताना मला ऐकू येईल एवढ्यानं म्हणाली, "पाची जणांनी एकदम घेतला व्हय? एकाच किटलीतून?"

डॉक्टरांनी चिठ्ठी काढली. दहाही नंबर निवडून निवडून फिकट. आणि एक पूर्वेला तर दुसरा पश्चिमेला, म्हणजे दुर्बिणीला प्रत्येक वेळी सगळं आभाळ ओलांडावं लागेल. माणूस हुशार होता, ते मी नाकारत नाही. मी नंबर टाकले, बटण दाबलं आणि हात मागं बांधून उभा राहिलो.

मोटरी कुरकुरल्या. दुर्बीण पूर्वेकडं निघाली, ठिकाणाशी पोचली, ओलांडून पुढं गेली, थांबली, परत मागं आली.

"झोकांड्या खातेय," डॉक्टर म्हणाले. "कामगार वस्तीतली दुर्बीण, शनिवारची प्यायलेली दिसते."

सगळे हसले. मीच नेमकं ते वाक्य शब्दन् शब्द लक्षात ठेवलं आहे, त्यांच्यापैकी कुणाला आज आठवतही नसेल. स्क्रीनवर पहिला फोटो उतरत होता. वरून एकेक ओळ. मध्यावर आल्यावर ताऱ्यांचा तो गोळा दिसला, पिठाची चिमूट सांडावी तसा, चौकटीच्या मध्यापासून बोटभर डावीकडं.

"एक," मी म्हटलं.

दुसरा. तिसरा. चौथ्याला हसणं थांबलं होतं. सहाव्याला एक जण स्टूल ओढून स्क्रीनसमोर बसला. आठवा इतका फिकट होता की डॉक्टर लगेच म्हणाले, "हा नाही." मी पंधरा फोटो एकावर एक चढवले आणि भोवऱ्यासारखी दीर्घिका वर आली. दहावा झाला तेव्हा मी खुर्ची मागं सरकवली.

"दहा. आता बोला."

डॉक्टरांनी रुमालानं चष्मा पुसला. "सापडले, मान्य आहे. पण हे बघा, गैरसमज नको. हे तुम्ही नाही केलंत, मशीननं केलं. निरीक्षक तो, जो डोळ्यानं शोधतो. उद्या कुणीही बटण दाबेल. फळा अशासाठी नाही. तंत्रज्ञ म्हणून तुम्ही उत्तमच आहात, ते आम्ही कधीच नाकारलं नाही."

म्हणजे सापडले नसते तर मी चोर. सापडले तर मशीन हुशार. दोन्हीकडून मी नाहीच.

"डॉक्टर," मी म्हटलं, "तुम्ही दात कोरता ते नखानं का?"

"काय?"

"मशीननं कोरता ना? मग पाटीवर नाव मशीनचं लावा. आणि ते मशीन तुम्ही केलेलंसुद्धा नाही. हे मी केलंय. हा गिअर माझा, हा आरसा माझा, तुमच्या दुर्बिणीच्या स्टँडचा तो स्क्रूसुद्धा माझाच."

स्टुलावर बसलेला हसला आणि मग घाईनं खोकला. डॉक्टर उठले. सगळे उठले. गाडीपाशी त्यांनी मला बाजूला घेतलं, खांद्यावर हात ठेवला आणि हळूच विचारलं, "ते पुढं जाऊन मागं येण्याचं काय आहे? माझीही नेहमी थोडी चुकते. तेवढं बसवून द्याल का?"

मी त्यांचा हात खांद्यावरून काढला. "उस्तादांना विचारा. अंबडला आहेत. सातवी नापास आहेत, तुम्हाला चालतील का बघा."

पुढच्या बैठकीला शब्द मागं घेतला गेला नाही. 'एक रंजक प्रात्यक्षिक झाले' अशी नोंद वाचून दाखवली. मी उठलो, दिलेली वर्गणी तिथंच सोडली आणि परत गेलो नाही. वर्षभरानं त्यांच्यातला एक मला बाजारात भेटला, म्हणाला, "तुम्ही फार मनाला लावून घेतलंत." लावून घेतलंच. कुठं लावायचं असतं?

यादीतले साठेक अजून राहिले होते. पावसाचे चार महिने दुर्बीण झाकून ठेवायची, कोजागिरीनंतर काढायची. वसंतातल्या फिकट दीर्घिका शहराच्या उजेडात बुडून जायच्या, त्यांचं काम लोडशेडिंगनं केलं. संध्याकाळी वीज गेली की सगळी वसाहत वीज कंपनीच्या नावानं बोटं मोडायची. मी तेवढ्यात ट्रकची बॅटरी जोडायचो आणि शेजारीपाजारी मेणबत्त्या शोधेपर्यंत माझ्या दोन दीर्घिका होऊन जायच्या. वीज आली की लोक टाळ्या वाजवायचे. मी वैतागायचो. शेजाऱ्यानं एकदा विचारलंही, "लाइट आली की तुमचं तोंड का उतरतं हो?"

काही वस्तू इतक्या मोठ्या की चौकटीत फक्त त्यांचं पोट मावलं. काही दक्षिणेला इतक्या खाली की शेजारच्या टाकीच्या कडेवरून ओझरत्या धराव्या लागल्या. एकदा उंदरानं वायर कुरतडली आणि सगळी रात्र दुर्बीण एकाच भिंतीचे फोटो काढत बसली. शेवटची राहिली होती मीन राशीतली एक दीर्घिका, यादीतली सगळ्यात फिकट म्हणतात ती. तीन वेळा नुसता राखाडी डाग आला. चौथ्यांदा, डिसेंबरात, दोन वळसे दिसले.

त्या हॉलमधल्या फळ्यावर माझं नाव नाही. तिथं कुणाचंच नाव लागल्याचं मी अजून ऐकलेलं नाही.

यादीतल्या एकशे दहापैकी एकशे दहा वस्तूंचे फोटो माझ्याकडं आहेत. नाशिकमधल्या घराच्या मागच्या अंगणातून, मी बनवलेल्या दुर्बिणीनं, मी लिहिलेल्या प्रोग्रामनं काढलेले. त्यातले बहुतेक निघाले तेव्हा मी झोपलो होतो आणि सकाळी सातला कामावर हजर होतो.